प्रतिसाद: तांडेलाची जागा आणि मेंदू

वर एकांनी लिहिलंय की स्मरणशक्ती जन्मतःच ठरते, मोठेपणी मेंदू बदलत नाही. मला हे अजिबात पटत नाही. मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांचं लंडनच्या टॅक्सीचालकांवरचं काम बघा. २००० सालच्या अभ्यासात १६ चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतला आठवणी आणि वाटा लक्षात ठेवणारा भाग) मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा दिसला. पण तसा मेंदू असलेलेच या धंद्यात येत असतील तर? म्हणून परवान्यासाठी हजारो रस्ते पाठ करणाऱ्या ७९ शिकाऊंना त्यांनी सुरुवातीला आणि त्यातल्या ५९ जणांना तीन-चार वर्षांनी पुन्हा तपासलं. आधी फरक नव्हता. जे ३९ उत्तीर्ण झाले, त्यांच्यातच वाढ दिसली (२०११). आणि ही सगळी प्रौढ माणसं! त्याची किंमतही होती: गुंतागुंतीची नवी आकृती आठवून काढताना ते मागे पडले.

आमच्या हर्णैत काका तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, आहेत. सुवर्णदुर्ग या समुद्रातल्या किल्ल्याचा बुरूज नि मागचा डोंगर एका रेषेत आणून ते जाळ्याची जागा काढतात. त्यांचा मेंदू कुणी तपासलेला नाही, म्हणून दावा करत नाही. पण चुलतभाऊ नुसता जीपीएस बघतो, त्याची मला खरंच काळजी वाटते. या हंगामात ते यंत्र बंद ठेवून त्याला काकांशेजारी बसवायचं ठरलंय.