४०७ सकाळी उठत नाही, हातपंप मारला की लगेच उठते. आधी काय बघू?

केळीची_गाडी

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात राहतो. जुनी टाटा ४०७ आहे, ९७ सालची. चार सिलिंडरचं साधं इंजिन, टर्बो नाही, हीटर प्लग नाहीत, डिझेलचा पंप लाइनवाला (सिलिंडरांसाठी एका ओळीत) आणि बंद करायला ओढायची केबल. काम केळीचं. पहाटे पाचला मजूर घेऊन शेतात जायचं, घड उतरले की सावद्याला नाहीतर रावेरला माल पोचवायचा. म्हणजे आमच्या धंद्याची गंमत अशी की दुपारी गाडी बंद पडली तर चालेल, पहाटे नको.

आणि ती पहाटेच रुसते. दोन महिने झाले. रात्रभर उभी राहिली की सात-आठ सेल्फ खाते. एकदा उठली की दिवसभर अर्ध्या सेल्फवर. तासभर बंद ठेवली तरी काही नाही. ओढायला दमदार, चढावर तक्रार नाही, ऑइल खात नाही.

आतापर्यंत झालेला खर्च: पहिल्या मिस्त्रीने बॅटरी बदलायला लावली. फरक शून्य. दुसऱ्याने चारही नोझल काढून टेस्ट करून बसवले. दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच. तिसरा म्हणतो कॉम्प्रेशन गेलं, हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन उघडून रिंगा-पिस्टनचं काम. त्याने आकडा सांगितला तेव्हा मी चहा अर्धा ठेवून उठलो.

माझ्या लक्षात आलेल्या दोन गोष्टी. एक, डिझेल वर ओढायचा इंजिनवरचा छोटा हातपंप वीसेक वेळा मारून मग सेल्फ दिला तर पहिल्याच सेल्फला उठते. दोन, खळ्यात उताराकडे तोंड करून लावली तर सकाळी त्रास जवळजवळ नसतो. म्हणून सध्या रोज तिथेच लावतोय, चाकाला दोन दगड. पण हा काही इलाज नव्हे. इंजिन उघडण्याआधी क्रमाने काय काय तपासावं?

घाटातला_ड्रायव्हर

भो, थंडी पडनी म्हणून व्हई. आम्ही कन्नड घाटाच्या वर मुक्काम पडला की सकाळी काठीला चिंधी गुंडाळून पेटवायचो आणि एअर क्लीनरच्या तोंडाशी धरायचो. गरम हवा आत गेली की उठलीच पाहिजे. डिझेल इंजिनचं पोट गार असलं की ते उठत नाही, सोपं आहे.

केळीची_गाडी

दादा, सुरू झालं तेव्हा ऑक्टोबर होता, घरात पंखे चालू होते. आणि ताडपत्री, केळीची पानं, रिकामे कॅरेट भरलेल्या गाडीपाशी चिंधी पेटवायची माझी हिंमत नाही.

लाइन_पंप

केळीवाले भाऊ, चिंधी नको आणि इंजिन पेटवायला हवेच्या वाटेत मारतात तो इथरचा स्प्रेही नको. स्प्रेची सवय लागली की रिंगा तुटतात, मग तिसऱ्या मिस्त्रीचं म्हणणं खरं ठरतं.

आधी एक सांगा. सात-आठ सेल्फ देताना सायलेन्सरमधून धूर काय येतो? यावर अर्धं निदान होतं. पांढरा धूर भकाभक येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही: मग कॉम्प्रेशन, टायमिंग, नोझल, नाहीतर सेल्फ हळू फिरतोय. काळा असेल तर हवा कमी, डिझेल जास्त. आणि धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही, मग इंजिन उघडून त्यात काय बघणार?

दुसरं, मल्टिमीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट बघा. तिसरं, बंद करायची केबल. इंजिन बंद केल्यावर पंपावरचा लिव्हर पूर्ण मागे येतो का? केबल गंजून जराशी अडकली तरी सुरू करताना पुरेसं डिझेल सुटत नाही. फुकटात बघता येतं, म्हणून आधी सांगितलं.

केळीची_गाडी

आज मुद्दाम सपाटीवर लावून बघितलं. पोराला मागे उभं केलं. पहिले पाच सेल्फ धूर अजिबात नाही. सहाव्याला फिकट पांढरा फुसका, मग धडधडून उठली.

व्होल्ट: उभी असताना १२.६, सेल्फ मारताना १०.४. लिव्हर मोकळा आहे, केबलला तेल दिलं होतंच.

लाइन_पंप

मग बॅटरी चांगली आहे. (जुनीही चांगलीच असेल, पण ते आता जाऊ द्या.) साडेनऊच्या खाली उतरली असती तर बॅटरी, वायर, अर्थिंगकडे गेलो असतो.

तुमची गाडी हवा घेतेय. टाकी चेसिसला, पंपाच्या खाली. फीड पंप तिथून डिझेल ओढतो. त्या वाटेवर केसाएवढी फट असली तरी चालू गाडीत बाहेर एक थेंब दिसत नाही, कारण तिथे ओढ आतल्या बाजूला असते. इंजिन बंद झालं की त्या फटीतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. तासाभरात थोडंच उतरतं म्हणून दिवसा कळत नाही. रात्रभरात लाइन रिकामी. सकाळी तुम्ही सात सेल्फ मारता ते इंजिन उठवायला नाही, लाइन भरायला. हातपंपाने तेच काम वीस झटक्यांत होतं.

उताराचं कोडंही यातच सुटतं. तोंड खाली केलं की मागची टाकी पंपाच्या मानाने वर येते, डिझेल परतायला उतार उरत नाही.

आता आठवून सांगा. त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीला कोणी काय केलं होतं? बॅटरी-नोझल नव्हे, त्याच्याही आधी.

केळीची_गाडी

अरे देवा. सप्टेंबरच्या पावसात टाकीत पाणी गेलं होतं. टाकी उतरवून धुतली, दोन्ही फिल्टर बदलले. ते काम नीट झालं म्हणून मी हिशेबातच धरलं नाही.

लाइन_पंप

हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं 😄 मिस्त्र्यांना सांगितलं होतं का?

केळीची_गाडी

नाही.

रिकामा_कॅन

मी शेतीपंपाच्या इंजिनवाला माणूस, पण हे दुखणं आमच्याकडेही तेच. एक सोपी चाचणी: टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापाशी सोडा, तिथे पारदर्शक नळी जोडा आणि ती पाच लिटरच्या कॅनमध्ये बुडवून कॅन वर कॅरिअरला टांगा. सकाळी उठली तर टाकीकडचा पाइप खराब.

लाइन_पंप

कॅन भाऊ, चाचणी चांगली पण वर टांगून नाही. वर टांगला तर डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येणार, मग फीड पंपाच्या पुढे फट असली तरी गाडी उठणार आणि आपण फसणार. कॅन टाकीच्याच उंचीवर ठेवा. ओढ तेवढीच राहते, फक्त टाकीकडची वाट बाद होते.

वर टांगायचा तो दुसऱ्या रात्री, वेगळ्या कामासाठी. तेव्हा आत ओढ नसून बाहेर दाब असतो, म्हणजे जिथे हवा शिरते तिथून डिझेल पाझरतं. सगळे जोड पुसून कोरडे करा, खडूची पूड चोळा. सकाळी जिथे पूड ओली, तिथे चोर.

केळीची_गाडी

दोन रात्रींचा निकाल सांगतो.

पहिली रात्र, कॅन टाकीच्या उंचीवर विटांवर ठेवून: दुसऱ्या सेल्फला उठली. सातावरून दोनावर, पण पहिल्याला नाही. नळीत सकाळी बोटभर लांबीचे दोन बुडबुडे होते.

दुसरी रात्र, कॅन कॅरिअरला: पहिल्या सेल्फला उठली. फीड पंपातून फिल्टरकडे जाणारा पाइप ज्या बँजो बोल्टने (डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) बसवलाय, तिथली पूड ओली.

म्हणजे दोन चोर आहेत का?

लाइन_पंप

दोनच. फिल्टर बदलताना तो बोल्ट उघडला असणार आणि तांब्याचं जुनं वायसरच परत बसवलं असणार. एकदा दाबलेलं तांबं कडक होतं, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. बोल्टच्या दोन्ही बाजूंची नवीन वायसरं घाला. पहाटे दुकान उघडं नसेल तर जुनं वायसर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, मऊ पडतं, दोन्ही बाजूंनी सपाट घासून वापरा. लोखंडाला हे करू नका, ते उलट कडक होतं. बोल्ट आवळताना पाना मोठा घेऊन लटकू नका, आतून पोकळ असतो, तुटतो.

टाकीकडचा चोर बहुतेक रबरी नळीच्या टोकाला, क्लिपच्या खाली. टाकी उतरवताना ओढली असणार.

घाटातला_ड्रायव्हर

मी चिंधी सांगितली ती मागे घेतो. आमच्या गाडीला बी हातपंप मारनाच पडस. आता खडू घेतो.

केळीची_गाडी

काम झालं. टाकीच्या निपलवरची रबरी नळी बाहेरून ठणठणीत दिसत होती. क्लिप सोडून वाकवली तर खाली आडवी चीर. दीड हात डिझेलची नवीन नळी, दोन क्लिपा, चार तांब्याची वायसरं. सगळं मिळून त्या दिवशीच्या मजुरांच्या नाश्त्याला लागले त्याहून कमी पैसे. नंतर बोल्ट ढिला करून हातपंपाने एअर काढली, फेस संपून सलग डिझेल येईपर्यंत.

आज सहावा दिवस. सपाटीवर, टाकी पावपेक्षा कमी, अर्ध्या सेल्फला उठते. दगड खळ्यातच पडलेत. तिसऱ्या मिस्त्रीचा काल फोन आला होता, इंजिन कधी आणताय म्हणून. जुनी बॅटरी मात्र बदल्यात देऊन बसलो, ती काही परत मिळत नाही.