शाळेची जुनी जनरल रजिस्टरे आणि जुन्या फाँटमधली इतिवृत्ते : कोणत्या स्वरूपात ठेवावीत?

दप्तरी_५२
नमस्कार. एका माध्यमिक शाळेचे दप्तर संगणकावर आणायचे आहे. शाळा १९५२ ची.

जनरल रजिस्टरे (विद्यार्थ्यांच्या प्रवेशापासून शाळा सोडेपर्यंतच्या नोंदवह्या) १४, प्रत्येकात साधारण २०० जोडपाने. सगळे हस्तलिखित, निळ्या शाईत. दुरुस्त्या लाल शाईत, बाजूला मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद लागते, त्यामुळे पहिली पाच रजिस्टरे सतत हाताळली जातात. पानांचे कोपरे फाटू लागले आहेत.

संस्थेची १९९८ ते २०११ ची इतिवृत्ते वर्डमध्ये आहेत, पण जुन्या फाँटमध्ये. नव्या संगणकावर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. शिवाय अलीकडे डिजिटल सही असलेली पीडीएफ पत्रेही बरीच येतात.

एका पुरवठादाराचा प्रस्ताव असा: बांधणी सोडवून पाने फीडरमधून (सुटी पाने आपोआप ओढणाऱ्या स्कॅनरमधून) काढायची, २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके), काळे-पांढरे, ‘सर्चेबल’ म्हणजे मजकूर शोधता येणारी पीडीएफ करून द्यायची, नंतर मूळ रजिस्टरे ठेवायची गरज नाही. हे योग्य आहे का? पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपणुकीसाठीचे पीडीएफ) घ्यावे म्हणतात, तर त्यातले नेमके कोणते?

कागदपारखी
बांधणी सोडवू देऊ नका. जनरल रजिस्टरमध्ये एका विद्यार्थ्याची ओळ डाव्या पानावर सुरू होते आणि उजव्या पानावर संपते. बहुतेक रजिस्टरांत नाव, जात, जन्मस्थळ डावीकडे आणि शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा उजवीकडे असतो. पाने सुटी करून फीडरमध्ये टाकली की पुढची-मागची बाजू एका फायलीत जाते आणि समोरासमोरची पाने वेगळी पडतात. मधेच एक पान चिकटून गेले, तर तिथून पुढे प्रत्येकाच्या नावासमोर दुसऱ्याचा शेरा येतो. जोडपान उघडे ठेवून वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर लावा, आणि दोन्ही पाने एकाच प्रतिमेत घ्या.

रंगीतच घ्या. काळ्या-पांढऱ्यात लाल दुरुस्ती आणि मूळ निळी नोंद सारखीच दिसते, खोडून लिहिल्याची खूण जाते, शिक्क्याखालची तारीख काळ्या डागात बुडते. दाखल्याच्या पडताळणीत नेमके हेच पाहतात.

३०० डीपीआय किमान, फिक्या शाईला ४००. जोडपान ए-३ एवढे धरले तर ३०० ला ३५०८ × ४९६१ पिक्सेल, म्हणजे न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) रंगीत टिफ प्रतिमा-फाइल साधारण ५२ एमबी. तुमची २८०० जोडपाने १४६ जीबीच्या आसपास. ४०० डीपीआयला २६० जीबी. आजच्या डिस्कवर हे सहज मावते, म्हणून मूळ प्रत टिफमध्येच ठेवा. रोज पाहायला त्यावरून हलकी पीडीएफ करा.

प्रस्तावात ‘जेबिग-२’ दाबणी (काळ्या-पांढऱ्या प्रतिमेची फाइल लहान करण्याची पद्धत) आहे का, ते विचारा. तिच्या तपशील गाळणाऱ्या (लॉसी) प्रकारात सारखी दिसणारी अक्षरे शोधून एकच आकृती साठवतात आणि तीच सगळीकडे ठेवतात. २०१३ मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले, की काही कार्यालयीन यंत्रांच्या स्कॅनमध्ये ६ चे ८ होत होते. पान स्वच्छ आणि आकडा सुबक, पण चुकीचा. जन्मतारखेच्या नोंदीत हे परवडणारे नाही.

फाटक्या कोपऱ्यांना सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद पिवळा पडून शाईत उतरतो. जपानी टिश्यू आणि गव्हाची पातळ खळ वापरा. लॅमिनेशनही नको.

शोधसूची
‘सर्चेबल’ या शब्दावर जाऊ नका. टेसरॅक्टसारखी ओसीआर (प्रतिमेतली अक्षरे ओळखणारी) साधने छापील मराठीवर चांगली चालतात, पण हस्तलिखितावर नाही. पुरवठादार ओसीआर चालवील, पीडीएफमध्ये अक्षरांचा अदृश्य थर येईलही, पण त्या थरात ‘पाटील’ शोधून सापडणार नाही.

हस्तलिखित वाचणारी नवी एआय साधने कच्च्या यादीसाठी घेता येतील. त्यांचा धोका असा, की न लागलेले नाव ती मोकळे सोडत नाहीत, एखादे शक्य वाटणारे नाव लिहून टाकतात. म्हणून त्यांच्या मजकुरावरून कधीही दाखला देऊ नये. सूचीवरून पान काढायचे आणि प्रतिमा पाहूनच लिहायचे.

खरा उपयोग हाताने केलेल्या सूचीचा. एवढे रकाने पुरेत: रजिस्टर क्रमांक, जोडपान, नोंद क्रमांक, आडनाव, नाव, वडिलांचे नाव, प्रवेशाचे वर्ष. जात आणि जन्मतारीख सूचीत घेऊ नका. तिथली टंकनाची चूक पुढे खरी नोंद म्हणून फिरू लागते. दोन जणांनी स्वतंत्र टंकन करावे, मग दोन्ही याद्या ताडून फरक असलेल्या ओळी रजिस्टरात पाहाव्यात. पहिल्या पाच रजिस्टरांपासून सुरुवात करा.

एक्सेलमध्ये रकाने आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर ‘१२/५’ असा पान-नोंद क्रमांक इंग्रजी अंकांत लिहिला की त्याची तारीख होते आणि क्रमांकाच्या आधीची शून्ये उडतात. शेवटची प्रत सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल), यूटीएफ-८ (देवनागरीही नीट साठवणारी संकेतपद्धती) मध्ये. ती एक्सेलमध्ये थेट दोनदा टिचकवून उघडली आणि देवनागरीचा कचरा दिसला, तर फाइल बिघडलेली नसते. ‘डेटा’मधून मजकूर आयात करताना यूटीएफ-८ निवडा.

जोडाक्षर
इतिवृत्तांबद्दल. जुन्या फाँटमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी क चे चित्र बसवलेले असते. फाँट गेला की चित्र गेले, म्हणून खिचडी दिसते. मजकूर शाबूत आहे.

१. मूळ डॉक फायलींची एक प्रत केवळ-वाचन करून बाजूला ठेवा. तिच्यात काही बदलू नका.
२. फाँट असलेल्या जुन्या संगणकावर प्रत्येक फाइल उघडून फाँटसह पीडीएफ करा. इतिवृत्त मूळ कसे दिसत होते, याचा हा पुरावा. काही फाँटचा परवाना फाइलमध्ये समाविष्ट करू देत नाही, तिथे पीडीएफ-ए होणार नाही. मग छापून स्कॅन करा.
३. नंतर युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणारी प्रमाण पद्धती) रूपांतर. मजकुरावर कर्सर ठेवून फाँटचे नाव पाहा. श्रीलिपी, योगेश, कृतिदेव यांचे तक्ते वेगवेगळे आहेत. एकाच परिच्छेदात मराठी जुन्या फाँटमध्ये आणि खाते क्रमांक टाइम्स या इंग्रजी फाँटमध्ये असतो. सगळा मजकूर एकदम रूपांतरकात टाकला तर खाते क्रमांकाचीही वाट लागते. फाँटनुसार तुकडे निवडून बदलणारे साधन हवे.

तपासायला पहिली वेलांटी, रफार आणि ‘ऱ्य’ पाहा. जुन्या फाँटमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये क्रम उलटा. ‘कार्यकारिणी’, ‘निर्णय’, ‘शिष्यवृत्ती’, ‘कर्मचाऱ्यांना’ हे चार शब्द नीट आले तर बहुतेक काम झाले. रकमा मात्र मूळ पीडीएफशी एकेक करून ताडा.

आणखी एक अडचण शोधताना येते. ‘ॲ’ एकट्या संकेताने लिहिता येतो, अ वर चंद्र देऊनही लिहिता येतो, आणि हिंदी कळफलकावरून ‘ऍ’ असाही येतो. डोळ्यांना जवळजवळ सारखे, संगणकाला तीन वेगळे. ‘ॲडव्हान्स’ शोधलात तर निम्मे ठराव निसटतील. रूपांतरानंतर सगळीकडे एकच रूप करून घ्या.

दप्तरी_५२
फारच उपयोगी. पीडीएफ-ए चा कोणता भाग घ्यावा? आणि सही असलेल्या पत्रांचे काय?

मानकवाचक
पीडीएफ-ए म्हणजे आयएसओ १९००५ हे आंतरराष्ट्रीय मानक. भाग १ २००५ चा, भाग २ २०११ चा, भाग ३ २०१२ चा, भाग ४ २०२० चा. सगळ्यांत मूळ अट एकच: उघडायला लागणारे सगळे, फाँटसकट, फायलीतच हवे, पासवर्ड चालत नाही.

रजिस्टरांच्या प्रतिमांना भाग २, पातळी ‘बी’ पुरे. ती फक्त दिसण्याची हमी देते. युनिकोड इतिवृत्तांना भाग २, पातळी ‘यू’, कारण तिथे प्रत्येक अक्षराला युनिकोड संकेत असणे सक्तीचे आहे. भाग ३ मध्ये कोणतीही फाइल आत जोडता येते. जर्मनी-फ्रान्समध्ये ई-बिलांची एक्सएमएल (संगणकाने वाचायची) फाइल त्यातच घालतात. तुम्हाला आज गरज नाही. भाग ४ साठी घाई नको.

पुरवठादाराच्या ‘पीडीएफ-ए आहे’ या शब्दावर बिल देऊ नका. व्हेरापीडीएफ हा मुक्त तपासक सगळ्या फायलींवर चालवा. पण तो संकेत आहे एवढेच पाहतो, बरोबर आहे का ते नाही. म्हणून काही पानांवरचा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून वाचा. जोडाक्षरे तुटलेली असतील तर तिथे लगेच दिसतात.

सही असलेली पीडीएफ आली तशीच ठेवा. तिचे पीडीएफ-ए केले, पुन्हा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केले किंवा पाने जोडली, की सही तुटते. तुम्ही स्वतः पत्र काढाल तेव्हा आधी पीडीएफ-ए, मग सही, आणि सहीबरोबर कालमुद्रा (सहीची वेळ प्रमाणित करणारी नोंद). सहीचे प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांत संपते. सही मुदतीत झाली होती हे नंतर कालमुद्रेवरूनच सिद्ध होते. पत्रावर पिवळे प्रश्नचिन्ह दिसले म्हणजे सही खोटी असे नाही. बहुतेक वेळा संगणकावर भारताचे मूळ प्रमाणपत्र विश्वसनीय म्हणून नोंदलेले नसते.

कागदपारखी
साठवणीचे राहिले. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक गावाबाहेर. एक डिस्क रोज लागणारी; दुसरी प्रत घेऊन झाली की केबल काढून कपाटात; तिसरी क्लाउडवर. आपोआप जुळणारे क्लाउड फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे: इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते, आणि खंडणीवाल्या व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइलही तितक्याच तत्परतेने वर जाते. पेनड्राइव्ह ने-आण करण्यापुरता.

काम झाले त्याच दिवशी प्रत्येक फायलीचा एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा) काढून यादी करा. बॅगइट ही रचना (आरएफसी ८४९३, २०१८) नेमके हेच करते: एक फोल्डर, आत फायली, सोबत हॅशची यादी. वर्षातून एकदा तिन्ही प्रतींवर ताडणी करा. ज्या प्रतीत फरक येईल तिथली फाइल चांगल्या प्रतीवरून भरा. हीच यादी न्यायालयातही लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो.

आणि मूळ रजिस्टरे रद्दीत अजिबात देऊ नका. खाडाखोडीवर वाद झाला तर शाई आणि कागद तपासायला मूळ पानच लागते. स्कॅनमुळे त्यांची हाताळणी थांबेल, हाच स्कॅनचा मोठा फायदा. आम्लरहित कागदात गुंडाळून, आडवी, जमिनीपासून वर ठेवा.

शोधसूची
करारात हे घालून घ्या: काम शाळेच्या आवारातच, स्कॅनिंग जोडपानाचे, टिफ आणि सूची शाळेच्या मालकीची, पुरवठादाराने स्वतःच्या संगणकावरची प्रत पुसल्याचे लेखी पत्र. रजिस्टरात मुलांची नावे, जाती आहेत. उघड्या लिंकवर काही ठेवू नये. आधी एकाच रजिस्टरची नमुना प्रत घ्या, तिच्यातली वीस जोडपाने मूळ पानांशी लावून वाचा, रजिस्टरची जोडपाने मोजून प्रतिमांच्या संख्येशी जुळवा, आणि मगच उरलेल्या तेरा रजिस्टरांचा कार्यादेश द्या.