लूकची नावनिशी चुकली, म्हणून शुभवर्तमान खोटं?

दर्यावर्दी (धागाकर्ता): नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत (उपासनेत) दरवर्षी लूकच्या शुभवर्तमानातून ऐकतो: क्विरीनिय सूरियाचा (सिरियाचा) रोमन सुभेदार असताना नावनिशी (शिरगणती) झाली, म्हणून योसेफ-मरिया बेथलेहेमला गेले. पण क्विरीनियची नावनिशी इ.स. ६ ची, आणि यहूदियाचा राजा हेरोद वारला इ.स.पू. ४ मध्ये. येशू तर हेरोदाच्या हयातीत जन्मला. माझं मत: लूकचा हिशेब चुकला, आणि कॅथलिकानं त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजात (१९६५, कलम ११) म्हटलंय की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहून ठेवायचं होतं, ते पवित्र शास्त्र न चुकता शिकवतं. सुभेदारांची यादी त्यात येत नाही.

शंकासूर: झकास पळवाट! चूक सापडली की ‘ती तारणासाठी नव्हतीच’. कुंपण रोज आत सरकवायचं आणि वर म्हणायचं, जमीन शाबूत आहे.

जुनाजाणता: शंकासूरशी चक्क सहमत, पण उलट्या बाजूनं. कलम ११ अर्धंच वाचलंत. लेखक जे ठामपणे मांडतात ते पवित्र आत्म्यानं मांडलेलं मानावं, हे त्यातच आहे. मसुद्यात ‘तारणदायी सत्य’ असा शब्द होता. त्यावर आक्षेप आले, पोप सहावे पॉल यांनीही शंका काढली, आणि तो बदलला. का? धर्माचं तेवढं खरं, बाकी सोडून द्या, असा अर्थ कुणी काढू नये म्हणून. तुम्ही नेमका तोच काढलात.

दर्यावर्दी: बदलला हे खरं. पण २ ऑक्टोबर १९६४ला त्याच परिषदेत व्हिएन्नाचे कार्डिनल क्योनिग काय बोलले? मार्कच्या शुभवर्तमानात (२:२६) म्हटलंय, दावीदानं समर्पित भाकरी खाल्ल्या तेव्हा अब्याथार मुख्य याजक होता. जुन्या करारातलं १ शमुवेल २१ काढा, तिथं अहीमलेख आहे, म्हणजे अब्याथारचा बाप! भर सभेत कार्डिनलनं हे सांगितलं, आणि त्यांना कुणी पाखंडी म्हटलं नाही.

शंकासूर: मग यहूदीथ या पुस्तकाचं काय? तुमच्या बायबलमध्ये आहे ते, प्रॉटेस्टंटांनी बाहेर ठेवलं. पहिल्याच ओळीत नबुखद्नेस्सर निनवेत बसून अश्शूरांवर राज्य करतोय. तो बाबेलचा, आणि तो गादीवर यायच्या आधीच, इ.स.पू. ६१२ मध्ये, निनवे पडलेलं.

दर्यावर्दी: तीच तर खूण. ‘अकबर पुण्याचा पेशवा असताना’ अशी कुणी सुरुवात केली तर आपण मोडी कागद मागतो का? कथा म्हणून ऐकतो. लिखाणाचा प्रकार ओळखा, हे पोप बारावे पायस १९४३लाच सांगून गेले.

शंकासूर: यहूदीथपुरतं मान्य. पण लूक सुरुवातीलाच म्हणतो, मी सगळ्याचा नीट शोध करून लिहितोय. वर सुभेदाराचं नाव देतो. त्याला कथा म्हणायची सोय नाही.

जुनाजाणता: बरोबर. आणि कलम १९ चारही शुभवर्तमानांची ऐतिहासिकता निःसंकोच मान्य करतं. मूळ ग्रीकचा अर्थ ‘क्विरीनियच्या आधीची नावनिशी’ असा लावणारेही अभ्यासक आहेत.

दर्यावर्दी: तो अर्थ ओढूनताणून आहे. लूक कथा सांगत नाही, इतिहासच सांगतोय, आणि एका तपशिलात चुकलाय. येशू जन्मला, बेथलेहेमात जन्मला, यावरचा माझा विश्वास त्यानं हलत नाही.

शंकासूर: ‘चुकलाय’ हा शब्द यंदा मिस्सा झाल्यावर तुमच्या फादरना ऐकवा. मग इथं येऊन सांगा.