फेब्रुवारीत केनिया, हातात सहा दिवस : किलीमांजारो की माउंट केनिया?

वाटसरू_वाईकर

नमस्कार मंडळी. वय ४९, मुक्काम वाई. रायरेश्वर, केंजळगड, कमळगड म्हणजे आमचं परसदार. कळसूबाई दोनदा, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने एकदा. हिमालय अजून पाहिलेला नाही. मेहुणा नैरोबीत नोकरीला आहे, फेब्रुवारीत त्याच्याकडे चाललोय आणि त्यातले सहा दिवस डोंगरासाठी काढता येतील. घरचे म्हणतात, एवढ्या लांब जातोयस तर किलीमांजारोच कर. मेहुणा म्हणतो माउंट केनिया जवळ पडेल. तिथला एक एजंट चार दिवसांत माउंट केनिया करून द्यायला तयार आहे. चार दिवसांत उरकलं तर दोन दिवस मसाई मारा अभयारण्य! दमसास चांगला आहे. काय करावं?

गुडघेवाली_नाशिक

वाईकर, दमसास जरा बाजूला ठेवा. आमच्या घरातला दमसास माउंट केनियावरच्या शिप्टन्स कॅम्पच्या मागे एका दगडाला धरून ओकत होता.

आम्ही २०१९च्या फेब्रुवारीत गेलो. मी तेव्हा ५१ची, डावा गुडघा कायम कुरकुरणारा. आमचे हे म्हणजे ब्रह्मगिरी चढून मागच्यांसाठी चहा सांगून ठेवणारे. आम्हालाही असाच चार दिवसांचा कार्यक्रम विकला होता, म्हणून तुमचं वाचून लिहायला बसले.

कळसूबाई १६४६ मीटर. नैरोबी शहरच जवळजवळ १८०० मीटरवर आहे. म्हणजे मेहुण्याच्या गच्चीत कपडे वाळत घालायला गेलात तरी तुम्ही कळसूबाईच्या वर. पुढे पायथ्याच्या नान्युकी गावाहून गाडी तुम्हाला सिरिमॉन गेटला सोडते, २६५० मीटर. तिथून त्याच दिवशी ओल्ड मोझेस कॅम्प, ३३०० मीटर. वाट म्हणजे जवळजवळ गाडीरस्ता, माणूस गप्पा मारत पोहोचतो आणि घोटाळा इथेच होतो. पाय दमत नाहीत, त्यामुळे आपण किती वर आलो ते कळतच नाही. दुसऱ्या दिवशी थेट शिप्टन्स, सुमारे ४२००. घर सोडल्यापासून चौथ्या रात्री आम्ही तिथे झोपलो होतो. झोपलो म्हणजे आडवे झालो.

ह्यांचं डोकं दुपारपासून ठणकत होतं, पण सांगतील तर ना! संध्याकाळी उलट्या सुरू. आमचा वाटाड्या मेरूकडचा, शांत माणूस. तो ह्यांची पाठ चोळत "पोले, पोले" म्हणत होता. दोन दिवस वाटेत "पोले पोले" म्हणजे हळूहळू, हे शिकलो होतो, त्यामुळे मला वाटलं हा ह्यांना सावकाश ओकायला सांगतोय. नंतर कळलं, नुसतं "पोले" म्हणजे "वाईट वाटतं हो". पहाटेपर्यंत वाट न बघता रात्रीच त्यांना खाली उतरवलं. ओल्ड मोझेसला पोहोचल्यावर दोन तासांत त्यांनी चहा मागितला. उंचीच्या त्रासावर औषध ते एवढंच, खाली उतरणं.

मी दुसऱ्या वाटाड्याबरोबर पहाटे पावणेतीनला निघाले आणि लेनानाला, म्हणजे आपल्यासारख्यांना चालत जाता येतं त्या शिखरावर पोहोचले, ४९८५ मीटर. माझ्यात काही विशेष नव्हतं. गुडघ्यामुळे मला जोरात चालताच येत नाही, तेवढंच कामी आलं. माथ्यावर हवेचा दाब जवळजवळ निम्मा. चार पावलं टाकायची, काठीवर डोकं टेकायचं, परत चार पावलं. बातियान (५१९९) आणि नेलियन ही त्याहून उंच शिखरं दोरावरच्या प्रस्तरारोहकांची, आपण त्यांच्याकडे मान वर करून बघायचं. तिन्ही नावं मसाईंच्या धर्मगुरूंची. १९६३च्या डिसेंबरात देश स्वतंत्र झाला तेव्हा किसोई मुन्याओने झेंडा नेऊन लावला तो लेनानावरच, हे वाटाड्याने मला वर थरथरत असताना सांगितलं.

तर सहाही दिवस एकाच डोंगराला द्या. ओल्ड मोझेसला दोन रात्री, मधल्या दिवशी चारशे-पाचशे मीटर चढून परत खाली झोपायला या. मग शिप्टन्स, मग लेनाना, आणि उतरताना दुसरी वाट, चोगोरियाच्या बाजूची. तिथल्या दरीत मायकलसन तळं वरून दिसतं तेव्हा माणूस गप्पच होतो. मारा पुढच्या वेळी.

उंचीच्या त्रासासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीचं डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर मुद्दाम सांगा. लघवी फार होते त्याने. पण त्याच पायी मी ओल्ड मोझेसला पहाटे तीनला बाहेर पडले. एका बाजूला सप्तर्षी, दुसऱ्या बाजूला त्रिशंकू, दोन्ही साधारण सारख्याच उंचीवर! विषुववृत्त शाळेत शिकवलं होतं, ते मला तिथे थंडीत उभं राहून कळलं.

आणि हो, तिकडचा लोबेलिया बघाल. आपल्याकडे महाबळेश्वर भागात रानतंबाखू उगवते ना, धवल म्हणतात ती, तिचाच हा भाऊबंद. पानांच्या वाटीत पाणी धरतो आणि रात्री त्यावर बर्फाची साय येते. सेनेसिओ नावाचं झाड तर दोन पुरुष उंच, वाळकी पानं न टाकता तीच गोधडीसारखी गुंडाळून उभं. शिप्टन्सला हायरॅक्स नावाचा घुशीसारखा प्राणी असतो, हत्तीचा लांबचा नातलग म्हणे. माझी लोणावळ्याची चिक्की त्यानेच नेली.

उगाली_आणि_आमटी

मी नैरोबीत नऊ वर्षं आहे. ताईंचं बरोबर. किलीमांजारो ५८९५ मीटर, शिवाय तो टांझानियात, म्हणजे वेगळा व्हिसा आणि जाण्यायेण्यात दीड-दोन दिवस गेले. उरलेल्या चार दिवसांत त्या डोंगराकडे बघूही नका.

दोन गोष्टी. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि दाखला जपा. परतताना भारतात मागतात, नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. दुसरं, आपण सह्याद्रीत पावसाळ्यात सॅक आतून प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरतो, ती सवय इथे चालणार नाही. २०१७पासून पिशव्यांवर बंदी आहे आणि २०२०पासून राष्ट्रीय उद्यानांत बिसलेरीसारख्या बाटल्याही नेता येत नाहीत. कापडी-रबरी ड्राय बॅग आणा.

खाण्याची काळजी नको. चपाती इथेही चपातीच, फक्त तेलात माखलेली. चहाही आपल्यासारखा दूध घालून उकळलेला.

वाटसरू_वाईकर

ताई, दादा, आभार. मारा रद्द. मेहुण्याला आत्ताच कळवलं, तो म्हणाला मी हेच सांगत होतो. (सांगत नव्हता.) एक शंका : माझे कॅनव्हासचे हंटर शूज दोन पावसाळे जुने आहेत, नीट बसलेत पायाला. तेच आणू का? नवीन घेऊन पाय सोलून घेण्यापेक्षा बरं ना?

गुडघेवाली_नाशिक

हंटर नको हो. पहाटे उणे तापमानात घसाऱ्यावर कॅनव्हास म्हणजे बोटं गेली बधिर. घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे बूट आजच घ्या आणि फेब्रुवारीपर्यंत तेच घालून कमळगडला जात रहा. एक नंबर मोठे घ्या, दोन मोजे बसले पाहिजेत. चिक्की दोन पाकिटं जास्त, आणि रात्री ती डब्यात.