ट्रेड म्हणजे बदली की विक्री? बेसबॉलच्या काही शब्दांविषयी

३१ जुलै २०२५. बेसबॉलमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत त्या दुपारी संपत होती. ती संपायच्या आत बातमी आली की आमचा मेसन मिलर सॅन डिएगोला गेला. मी कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो आणि वीस वर्षांहून जास्त काळ ॲथलेटिक्स या बेसबॉल संघाच्या मागे आहे. मिलर ताशी १०० मैलांच्या वर चेंडू टाकतो. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडच्या कोलिझियम मैदानावरचा आमचा शेवटचा सामना आम्ही टेक्सासविरुद्ध ३-२ जिंकला, तो त्यानंच संपवला. त्या दिवशीच्या ४६,८८९ प्रेक्षकांत मीही होतो.

आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. मी फोन हातात धरून गप्प बसलो, तेव्हा तिनं विचारलं, “त्या जोरात टाकणाऱ्या पोराची बदली झाली का रे?” मी हो म्हटलं. पुढचा प्रश्न लगेच, “मग बिऱ्हाड कधी हलवायचं?” वडील महसूल खात्यात होते. आईनं अशी सहा बिऱ्हाडं बांधली आणि सोडली.

तिच्या त्या एका शब्दामुळे हा धागा काढतोय. आपल्याकडे ट्रेडला, म्हणजे दोन संघांतल्या खेळाडूंच्या अदलाबदलीला, ‘सौदा’, ‘विनिमय’, ‘व्यवहार’ असं काहीही लिहिलं जातं. आयपीएलच्या लिलावामुळे तर ‘अमुक खेळाडू इतक्या कोटींना विकला गेला’ हे वाक्य इतकं अंगवळणी पडलंय की त्यात माणूस कर्मपदी आहे हे जाणवतच नाही. माझं म्हणणं असं, की बेसबॉलच्या ट्रेडला मराठीत बदलीच म्हणावं. विक्री हा शब्द जिथे खरोखर विक्री झाली तिथेच वापरावा.

खरी विक्री कशी असते तेही आमच्याच संघानं दाखवलंय. जून १९७६ मध्ये मालक चार्ली फिन्लीनं जो रूडी आणि रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी १० लाख डॉलरला बॉस्टनला, तर व्हायडा ब्लूला १५ लाखांना न्यूयॉर्कला देऊन टाकलं. बदल्यात खेळाडू एकही नाही, नुसती रोकड. बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांनी तो व्यवहार रद्द केला. ही विक्री. मिलरच्या वेळी सॅन डिएगोकडून लिओ डी व्ह्रीस हा १८ वर्षांचा शॉर्टस्टॉप (जवळचा क्षेत्ररक्षक) आला, शिवाय आणखी काही तरुण गोलंदाज. ही बदली. हिशेबानं मला ती पटलीही. शेवटचे तीन बाद घेणारा हुकमी माणूस कितीही आवडला, तरी आठव्या डावापर्यंत आघाडी टिकत नसेल तर तो बाकावर बसूनच राहतो. पण पटणं वेगळं आणि बरं वाटणं वेगळं.

तुम्हाला काय वाटतं?

पुण्याहून

शब्द गोड आहे, पण दोन अडचणी दिसतात. पहिली, ‘बदली खेळाडू’ हा शब्द आपण आधीच दुसऱ्या अर्थानं वापरतो, मैदानातल्या एकाच्या जागी येणारा तो. दुसरी अडचण मोठी आहे. बदलीत मालक तोच राहतो. तलाठ्याची बदली झाली तरी पगार सरकारच देतं. इथे तर मालकच बदलतो. मग बदली कशी?

मूळ लेखक

पहिली अडचण मान्य. मैदानात एकाच्या जागी येणाऱ्याला मी ‘राखीव’ किंवा ‘जागेवर आलेला’ म्हणेन. बेसबॉलमध्ये हा फरक करायलाच हवा, कारण इथे एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. हुतुतूच्या ‘गामिनी’ प्रकारात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होत नसे, तशी ही शिस्त आहे. दहाव्या डावात हाताशी कोण उरेल हे मॅनेजरला, म्हणजे संघ चालवणाऱ्या प्रशिक्षकाला, सातव्यातच पाहावं लागतं.

दुसऱ्या अडचणीबद्दल मात्र थोडं थांबून बोलतो. ट्रेडमध्ये खेळाडूचा करार मोडत नाही. त्याच करारावर, त्याच पगारावर, तो दुसऱ्या संघाकडे जातो. तीसच्या तीस संघ एकाच लीगचे. म्हणजे खातं तेच, कचेरी बदलली. आणि बदलीचा खरा गाभा मालक कोण यात नाहीच. तुम्हाला कुणी विचारलं नाही, यात आहे. हुकूम येतो आणि निघावं लागतं.

हे न मानणारा खेळाडू कर्ट फ्लड. तो ओकलंडमध्येच वाढलेला. १९६९ च्या ऑक्टोबरात सेंट लुईसनं त्याला फिलाडेल्फियाला पाठवलं आणि तो गेला नाही. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही असं त्यानं आयुक्तांना पत्रानं कळवलं आणि खटला भरला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्यात त्याची कारकीर्द संपली. पण आज ज्या खेळाडूची दहा वर्षं झालीत आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, त्याला बदली नाकारता येते. फ्लडनं ‘मी विकाऊ नाही’ म्हणून सांगितल्यावर आपण मराठीत बसून ‘विकला’ लिहावं, हे मला सहन होत नाही.

नाशिकहून

खेळाडूला ‘डेझिग्नेट’ करतात त्याला काय म्हणायचं? एका बातमीत ‘निलंबित’ वाचलं.

मूळ लेखक

निलंबित तर अजिबात नको. निलंबनामागे काही आरोप असतो, चौकशी चालू असते. इथे त्या माणसानं काही गुन्हा केलेला नसतो. संघाच्या ४० जणांच्या यादीत जागा हवी असते म्हणून त्याचं नाव त्या क्षणी निघतं. मग सात दिवसांत संघानं ठरवायचं. त्याची बदली करायची, बाकीच्या संघांना ‘कुणाला हवा का’ विचारायचं, की मोकळं करायचं. ते सात दिवस तो अधांतरी.

गिरण्यांत आणि कारखान्यांत यासाठी एक शब्द होता, अजूनही आहे: ‘कमी केलं’. “त्याला कामावरून कमी केलं.” यात दोष नाही, शिक्षा नाही, पण घाव पुरेपूर आहे. तोच बसतो. अधांतरीपण दाखवायचं असेल तर ‘यादीतून कमी केलं, सात दिवसांत कळेल’ असं सरळ लिहावं.

खालच्या लीगमधून बोलावणं येतं तेव्हाची गंमत वेगळीच. शब्दशः मराठी केलं तर ‘त्याला वरचं बोलावणं आलं’ होईल आणि वाचणारा हळहळेल. ‘वर ढकललं’ म्हणालात तर तो शाळेतला काठावरचा पोरगा होतो. ‘वर घेतलं’ हेच बरोबर. एप्रिल २०२५ मध्ये आम्ही निक कर्ट्झला वर घेतलं. २५ जुलैला ह्यूस्टनमध्ये त्यानं सहा वेळा फलंदाजीला येऊन सहा फटके मारले, त्यांत चार होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे. उलट दिशेला ‘खाली पाठवलं’. २०२२ पासून एका हंगामात एकाच खेळाडूला या पद्धतीनं पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. त्याआधी पोरांची नुसती एसटी करून टाकत.

जखमींच्या यादीबद्दलही सांगतो. २०१९ पर्यंत अमेरिकेत त्या यादीच्या नावात अपंग या अर्थाचा शब्द होता. दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी तो खटकतो असं सांगितलं आणि लीगनं नाव बदललं. आपल्याला तो प्रश्नच नाही. ‘जायबंदी’ हा आपल्या क्रीडापानांचा शब्द तिथे फिट्ट बसतो.

नागपूरहून

युनिफॉर्मला काय म्हणता? आमच्याकडे सगळे ‘जर्सी’च म्हणतात. वर्दी म्हटलं की पोलीस आठवतो.

मूळ लेखक

जर्सी म्हणजे फक्त वरचा सदरा. बेसबॉलमध्ये टोपी, पट्टा, पँट, पायमोजे सगळं मिळून एक असतं. आणि ते फक्त खेळाडूंचं नाही, मॅनेजरही तेच घालून बसतो. अपवाद आमचे कॉनी मॅक. १९०१ ते १९५० ॲथलेटिक्स सांभाळले ते कोट-टायमध्ये. म्हणून मला ‘गणवेश’ आवडतो. शाळेचा वास येतो हे खरं, पण शब्दाची फोड बघा: गणाचा वेश. टोळीतले सगळे सारखे.

रंगांसाठीही आपल्याकडचे शब्द शोधावे लागतात. फिन्लीनं १९६३ मध्ये, संघ कॅन्सस सिटीत असताना, हिरवा-पिवळा रंग आणला. तो हिरवा पोपटी नाही, बाटलीहिरवाही नाही. मी एका लग्नात हिरवा चुडा भरलेला हात हळदीत माखलेला बघितला आणि मनात आलं, हाच तो रंग, दोन्ही रंग. आजही कुणी विचारलं तर मी चुड्याचा हिरवा आणि हळदीचा पिवळा असंच सांगतो. बाहीवरचा हत्ती तर आणखी जवळचा. १९०२ मध्ये जॉन मग्रॉ या प्रतिस्पर्धी मॅनेजरनं हा संघ म्हणजे पांढरा हत्ती पोसणं आहे अशा अर्थाची टीका केली आणि मॅकनी तोच हत्ती बोधचिन्ह म्हणून घेतला. ‘पांढरा हत्ती’ आपल्याकडे सरकारी महामंडळांना लावतात. इथे ती शिवी अभिमानानं अंगावर मिरवली.

मला राग आहे तो २०२५ च्या गणवेशाचा. संघ फिलाडेल्फियाहून कॅन्सस सिटीला गेला, तिथून १९६८ मध्ये ओकलंडला आला, आणि आता लास वेगासला जायच्या वाटेवर सॅक्रामेंटोत थांबलाय. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, त्यातला प्रकार. पण आधीच्या प्रत्येक मुक्कामी गावाचं नाव संघाच्या नावात होतं. २०२५ मध्ये नुसतं ‘ॲथलेटिक्स’. एका बाहीवर सॅक्रामेंटोचा पूल, दुसऱ्या बाहीवर लास वेगास, आणि जिथे राहतो तिथलं नाव छातीवर कुठेच नाही. भाड्याच्या घरातही माणूस दाराला पाटी लावतो हो.

ठाण्याहून

डावपेचांचं बोलूया. ‘सॅक्रिफाइस’ला बळी म्हणता येत नाही, कारण क्रिकेटमध्ये बळी गोलंदाज ‘घेतो’. आहुती चालेल का?

मूळ लेखक

आहुती फार मोठी होते. सॅक्रिफाइस बंट म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू हळूच समोर टाकायचा, स्वतः बाद व्हायचं आणि पुढच्याला एक घर सरकवायचं. (‘बेस’ला मी घर म्हणतो, सोंगट्यांतल्यासारखं. ‘तळ’ म्हटलं की विमानं दिसतात.) मला ‘बाद होऊन सरकवणं’ एवढंच पुरे वाटतं. लांब असेल, पण खेळ न बघितलेल्यालाही कळतं.

डाव म्हणून तो चांगला की वाईट? नऊ डावांत तुमच्याकडे २७ बाद असतात. तीच तुमची शिल्लक. २००२ मध्ये आमच्या संघानं सलग २० सामने जिंकले ते हीच शिल्लक जपून. फलंदाजानं कसंही करून घर गाठावं, बाद फुकट घालवू नये. मी त्या विचारावर वाढलो आणि आजही पहिल्या डावातला बंट बघवत नाही. पण जादा डावांत आता सुरुवातीलाच दुसऱ्या घरात एक धावपटू उभा करतात. यजमान संघाला दहाव्या डावात एकच धाव हवी असेल, तर त्याला तिसऱ्या घरात सरकवायचं आणि मग उंच फटक्यावर आत आणायचं. तिथे एक बाद खर्च करणं रास्त आहे. आमचे काही जाणते तिथेही हिशेबाच्या वहीला चिकटून बसतात, ते मला चुकीचं वाटतं.

सॅन होजेहून

पिचरला गोलंदाज म्हणावं का? तो तर चेंडू फेकतो.

मूळ लेखक

फेकतो म्हणूनच म्हणावं! फारसीत ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा, तिरंदाज तसा गोलंदाज. मराठ्यांच्या फौजेत तोफेचे गोळे डागणारा तो गोलंदाज. क्रिकेटमध्ये वाकवलेला हात सरळ करत फेकला तर नो-बॉल, म्हणजे शब्द खरं तर तिथे उसना गेलाय. पिचरलाच तो नेमका लागू पडतो. फलंदाज त्याच चालीवर घडला, आणि अक्षरशः घेतला तर फळी फेकणारा. ऑक्टोबर २०१५ मध्ये टोरांटोच्या होझे बाउटिस्टानं टेक्सासविरुद्ध होमरन मारून बॅट भिरकावली होती, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना याहून योग्य शब्द सापडणार नाही.

अडतो तो ‘क्लोजर’. शेवटच्या डावात येऊन सामना संपवणारा, मिलरसारखा. ‘समापक’ कोरडा आहे, ‘शेवटचा गोलंदाज’ म्हटलं तर तळाचा वाटतो. सप्टेंबरअखेरीस मिलर सॅन डिएगोकडून शिकागोविरुद्ध टाकत होता, फलंदाज एकामागून एक हात हलवत परत जात होते. मी आईला साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. तपकिरी कपड्यांत तिनं त्याला आधी ओळखलंच नाही. मग म्हणाली, “अरे, हा तर आपला आवरायला येणारा! रुळला वाटतं तिकडे.”

‘आवरायला येणारा’. एका शब्दात कुणाला बसवता आला तर सांगा.