रिसेप्टर परत वर जातो, तो कुणाच्या सांगण्यावरून?

नंदगडकर:
नमस्कार. मी एमएस्सी प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता सगळं इंग्रजीत. पाठ होतंय, पण उमजत नाही. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यातलं, बाहेरचा ठराविक रेणू धरणारं प्रथिन, एवढं कळतं. पुस्तकातल्या आकृतीत एलडीएल (रक्तातले कोलेस्टेरॉल वाहणारे कण) धरणाऱ्या रिसेप्टरचा बाण एंडोसोममधून (बाहेरून आत घेतलेला माल आधी पोचतो ती पिशवी) परत पेशीच्या पडद्याकडं वळलाय आणि ईजीएफ (पेशीला वाढीचा निरोप देणारं प्रथिन) धरणाऱ्या रिसेप्टरचा लायसोसोमकडं (पेशीतली पचवणारी पिशवी) गेलाय. दोघंही पडद्यावरच्या, क्लॅथ्रिन या प्रथिनाचं अस्तर असलेल्या खड्ड्यातून आत आलेत, एकाच एंडोसोममध्ये पोचलेत. मग परत कुणी जायचं आणि नष्ट कुणी व्हायचं, हे ठरवतंय कोण? वर्गात विचारलं तर "सिग्नल असतो" एवढंच उत्तर मिळालं. कसला सिग्नल, आणि असतो कुठं?

निपाणीचे मास्तर (निवृत्त):
बाळ, नोकरीभर हा धडा शिकवला, आणि याच जागी मुलं गप्प बसायची. तू विचारलंस, बरं वाटलं.

आधी एक गोष्ट पक्की धर. परत जायला बहुतेक रिसेप्टरना वेगळी खूण लागत नाही. परत जाणं हीच रीत. खूण लागते ती नष्ट व्हायला.

एंडोसोमचा आकार बघ: मधे गोल फुगा आणि त्याला फुटलेल्या बारीक नळ्या. नळीत पडदा भरपूर, पोकळी नावापुरती. म्हणून पडद्यात रुतलेली प्रथिनं बहुतांशी नळ्यांत जातात आणि आतल्या पाण्यात सुटं तरंगणारं फुग्यात राहतं. नळ्या तुटून वर जातात, फुग्यातलं पुढं लायसोसोममध्ये.

आता आंबटपणा. पेशीबाहेर पीएच ७.४, इथं साधारण ६, कारण पडद्यातले पंप प्रोटॉन आत ओढत असतात. तेवढ्या आंबटात एलडीएल रिसेप्टर स्वतःवरच दुमडतो आणि एलडीएलचा कण सुटतो. हंगामात आपल्याकडं ऊस कारखान्यात गाळला जातो आणि रिकामी ट्रॉली फडात परत येते की नाही, तसंच हे. एक फेरी १० मिनिटांच्या आसपास, रिसेप्टरचं आयुष्य २० तासांच्या आसपास. शंभरावर खेपा होतात बघ! ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं ते या रिसेप्टरमागं लागूनच.

ईजीएफ मात्र त्या आंबटातही रिसेप्टरला धरून राहतं. रिसेप्टर चालूच राहतो, पेशीला वाढीचा निरोप देत राहतो. तेव्हा सीबीएल नावाचं एन्झाइम त्याच्या पेशीद्रवातल्या शेपटीला युबिक्विटिन हे छोटं प्रथिन चिकटवतं. तुझा "सिग्नल" तो हा. ईएससीआरटी प्रथिनं ती खूण ओळखतात, पडदा आतल्या बाजूला वळवतात आणि रिसेप्टरसकट छोटी पिशवी फुग्याच्या आत सोडतात. शेपटीच पेशीद्रवापासून तुटली, म्हणजे लायसोसोममध्ये पचायच्या आधीच निरोप बंद.

याचा पुरावा मला फार आवडतो. टीजीएफ-अल्फा हे वाढीचा निरोप देणारं दुसरं प्रथिन याच रिसेप्टरला बसतं, पण आंबटात लवकर सुटतं. मग तोच रिसेप्टर बराचसा परत वर जातो.

बेळगाव_फार्मा:
सरांनी छान उलगडलं. माझ्या कामातली एक गोष्ट जोडतो. यकृताच्या पेशी पीसीएसके९ नावाचं प्रथिन बाहेर सोडतात. ते एलडीएल रिसेप्टरला बाहेरून चिकटतं आणि आंबटात सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट बसतं. रिसेप्टरला नीट दुमडता येत नाही, तो परत न येता लायसोसोममध्ये जातो, आणि रक्तातलं एलडीएल उचलायला पडद्यावर रिसेप्टर कमी उरतात. या प्रथिनाच्या जनुकाचा जन्मजात वाढणाऱ्या कोलेस्टेरॉलशी संबंध २००३ मध्ये कळला आणि २०१५ मध्ये या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं मान्य झाली. विज्ञानाला इतक्या लवकर औषधापर्यंत पोचताना मी क्वचितच पाहिलंय. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीनं पेशी रिसेप्टर जास्त बनवते, पण पीसीएसके९ सुद्धा जास्त बनवते. म्हणून गोळी दुप्पट केली तरी एलडीएल त्या मानानं थोडंच उतरतं. घरच्यांची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

नंदगडकर:
सर, आता आकृती डोळ्यासमोर उभी राहिली. पण एक अडलंय. ट्रान्सफेरिन (रक्तातून लोह वाहणारं प्रथिन) सुद्धा एंडोसोममध्ये रिसेप्टरला सोडत नाही ना? तरी तो रिसेप्टर परत येतो. मग धरून राहिलं की नष्ट, हा नियम कसा?

निपाणीचे मास्तर (निवृत्त):
शाब्बास! नियम तो नव्हेच. धरून राहणं म्हणजे खूण नव्हे. ईजीएफ रिसेप्टर स्वतः कायनेज, म्हणजे फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम आहे. ईजीएफ बसलेलं असेतोवर त्याच्या शेपटीवर फॉस्फेट राहतं आणि त्या फॉस्फेटमुळं सीबीएल येऊन बसतं. ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या शेपटीत कायनेज नाही. ट्रान्सफेरिन तसंच धरलेलं राहिलं तरी सीबीएलला बोलावणारं तिथं कुणी नाही. आंबटात फक्त लोह सुटतं, रिकामं ट्रान्सफेरिन रिसेप्टरबरोबरच वर येतं आणि ७.४ च्या पाण्यात पोचल्यावर सुटतं.

पीसीएसके९ चं गणित या दोन्हींहून वेगळं आहे, तिथं युबिक्विटिनची गरज पडत नाही. ते रिसेप्टरच्या कुठल्या भागाला बसतं ते आकृतीत शोध आणि इथं लिही, मग पुढं बोलू.