मदत हवी आहे: मेनूच्या टीव्हीला स्टॅटिक आयपी दिला की नेट जातं

भडंगवाला:
सांगलीत गणपती पेठेत दुकान आहे. काउंटरच्या वर दोन टीव्ही, त्यावर रेट फिरतात. काउंटरच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये प्लेयरचा (टीव्हीला जोडलेल्या बॉक्सचा) आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकायचा आणि रेट बदलायचा, एवढंच काम. पण हल्ली आयपी दर दोन दिवसांनी बदलतोय. म्हणून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, दिला, तर प्लेयर ऑफलाइन. सगळं पूर्वीसारखंच भरलंय. वर भडंग 280 दिसतंय, आम्ही 300 घेतोय, गिऱ्हाईक फोटो काढून तोंडासमोर धरतंय. लवकर सांगा राव.

तारजोड:
कुठला प्लेयर? वायफाय की लॅनची वायर? आकडे काय भरलेत? ‘सगळं’ म्हणजे काय काय?

मिरजेचा_मास्तर:
स्टॅटिक आयपी असा मिळत नाही. नेटवाल्याला फोन करा, महिन्याला जादा पैसे भरले की देतात. आमच्या ऑफिसला घेतलाय, एक नंबर चालतो.

तारजोड:
मास्तर, तो बाहेरचा, पब्लिक आयपी. ह्यांना दुकानातल्या दुकानात पाहिजे. 192.168 वाल्याला दमडी लागत नाही.

पेनड्राइव्ह_झिंदाबाद:
मी चार वर्षं पेनड्राइव्हवर चालवतोय. जेपीजी टाकायची, टीव्हीच्या मागं खुपसायची, स्लाइड शो सुरू. आयपीची कटकटच नको.

भडंगवाला:
रेट बदलला की दरवेळी स्टुलावर चढू का? अँड्रॉइड बॉक्स आहे, वायफायवर. आयपी 192.168.1.50, गेटवे (राउटरचा पत्ता) 192.168.1.1, प्रिफिक्स 24. गेल्या वर्षी हेच होतं, वहीत लिहून ठेवलंय.

तारजोड:
24 बरोबर, म्हणजे 255.255.255.0 च, पहिले तीन आकडे नेटवर्कचे. आता परत डीएचसीपीवर (राउटरनं स्वतः आयपी द्यायच्या सेटिंगवर) टाका आणि आपोआप कुठला आयपी, कुठला गेटवे येतो ते सांगा.

कृष्णाकाठी:
गणपती पेठेत आहात तर बॉक्स वरच राहू दे, काउंटरच्या खाली नको. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमचा राउटर, यूपीएस, डीव्हीआर सगळं कपाटाच्या खालच्या कप्प्यात. आठ दिवसांनी उघडलं तर आत नुसता गाळ.

पेनड्राइव्ह_झिंदाबाद:
पेनड्राइव्ह खिशात घालून बाहेर पडता येतं. सांगून ठेवतो.

भडंगवाला:
192.168.29.143. गेटवे 192.168.29.1.

तारजोड:
अहो मग! राउटर बदललाय का?

भडंगवाला:
हो, गेल्या महिन्यात फायबर घेतलं. त्याचा काय संबंध?

तारजोड:
तोच तर संबंध! दुकान हलवलं आणि बिलबुकावर जुनाच पत्ता, असं झालंय. तुमचं नेटवर्क आता 29 चं आहे, वहीतलं 1 चं होतं. आयपी 192.168.29.240, गेटवे 192.168.29.1 भरा. आणि डीएनएस 1, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या रकान्यात फिकट अक्षरात 8.8.8.8 दिसतं ना, तो नुसता नमुना असतो. हातानं टाइप करा.

सर्व्हर_रूम:
बॉक्सवर हातानं भरूच नका. राउटरमध्ये बॉक्सचा मॅक (वायफायचा ओळख नंबर) टाकून आयपी राखून ठेवा. 240 हा राउटरच्या आपोआप आयपी वाटपात असेल तर उद्या कुणाच्या तरी मोबाइलला तोच जाईल आणि टीव्ही मध्येच बंद पडेल.

तारजोड:
अँड्रॉइड 10 पासून वायफायला रँडम (आपोआप बनवलेला) मॅक असतो. ‘डिव्हाइस मॅक’ निवडला नाही तर बॉक्स रीसेट केल्यावर मॅक बदलतो, मग राखलेला आयपी कुणाला मिळणार? त्यापेक्षा राउटरचं वाटप 2 ते 200 करा, 240 मोकळा राहील.

सर्व्हर_रूम:
म्हणजे राउटरमध्ये शिरावं लागलंच की. मग माझं काय चुकलं?

तारजोड:
बरं, तुमचंही बरोबर.

भडंगवाला:
डीएनएस खरंच रिकामा होता, मला वाटलं भरलेलाच आहे. वाटप 200 पर्यंत केलं, 240 टाकला, बॉक्स बंद करून चालू केला. काउंटरवरून उघडलं. टीव्हीवर 300 आलं. वहीतलं पानही फाडलं. दुसऱ्या टीव्हीवर अजून 280 च आहे, त्याच्या बॉक्सला पण 240 च देऊ ना?

तारजोड:
नको!! त्याला 241. बाकी सगळं तेच.

मिरजेचा_मास्तर:
भडंग पुण्याला पार्सल करता का? लसूण जास्त असलेलं.